वादळाचा पाया आणि माथा

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की हवामान खात्याच्या दिल्लीतल्या चक्रीवादळ केंद्राची बुलेटिनं निघू लागतात. टीव्हीवाले त्यातला मार्गाचा नकाशा आणि वाऱ्याचा वेग उचलतात. मी आधी शेऱ्याचा परिच्छेद उघडते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान किती, त्याखाली उष्णता किती साठली आहे, खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत फरक किती, हे तिथे मोजक्या ओळींत असतं. वादळ उद्या वाढणार की विरणार, हे मला तिथेच कळायला लागतं.

वादळाला साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी लागतं, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण मे महिन्यात आपला समुद्र जवळजवळ सगळीकडे २९-३० अंशांवर असतो आणि तरीही वादळं रोज येत नाहीत. पृष्ठभागाखाली ही ऊब किती खोल गेली आहे, ते पाहावं लागतं. चक्रीवादळ समुद्र घुसळतं. वरचा गरम थर वीस-पंचवीस मीटरचाच असला तर खालचं गार पाणी लवकर वर येतं आणि वादळाची वाफ कमी पडते. तोच थर साठ-सत्तर मीटरचा असला तर कितीही घुसळण झाली तरी वर गरमच पाणी येत राहतं. म्हणून २६ अंशांचं पाणी जितकं खोल जातं तिथवरची सगळी उष्णता मोजतात, दर चौरस सेंटिमीटरला किलोज्यूलमध्ये. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे हे नकाशे कुणालाही पाहता येतात. गरम पाणी फुगतं, त्यामुळे समुद्राच्या पातळीतला सेंटिमीटरांचा फरक उपग्रहाला दिसतो. शिवाय आर्गो नावाचे तरंगते मापक दोन किलोमीटर खोल बुडी मारून साधारण दर दहा दिवसांनी वर येतात आणि वाटेतलं तापमान कळवतात.

हे सगळं मी एकदा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका वयस्कर तांडेलांना सांगत होते. ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, गणपतीच्या दिवसांत खालून जाळं ओढलं की हात गारठतात. वैशाखात तसं नाय. तळाचं पाणीपण कोमटच." अगदी बरोबर. पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर सरकतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ते किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात येऊन बसलेलं असतं. वैशाखात मात्र ऊब खोलवर मुरलेली असते. तेच पाणी २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाला मिळालं. १४ मेला लक्षद्वीपजवळ ते साधं डिप्रेशन होतं. तिथून ते कोकण किनाऱ्याला जवळपास समांतर वर सरकत गेलं आणि १७ मेला मुंबईच्या पश्चिमेकडून जाताना सगळ्यात जोरात होतं. त्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. वाटेत ते कुठेही फारसं रेंगाळलं नाही, त्यामुळे स्वतःच घुसळून गार केलेलं पाणी मागे राहत गेलं आणि पुढे दर तासाला नवं, तापलेलं पाणी मिळत गेलं.

मग येतो विंड शिअर. साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा आणि बारा किलोमीटरवरचा वारा, या दोघांच्या वेगात आणि दिशेत किती अंतर आहे ते पाहायचं. फरक ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असला तर वादळ सुखात वाढतं. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता केंद्रावरच्या हवेत साठते, त्यामुळे खाली दाब घटतो आणि वारा आणखी जोराने आत ओढला जातो. वरचा वारा जोराचा असला की तो ही ऊब एका बाजूला लोटून नेतो. उभं धुराडं कलावं तसं वादळ कलतं, कलत्या बाजूने कोरडी हवा आत शिरते, तिच्यात पावसाचे थेंब विरतात, हवा गार आणि जड होऊन खाली बसते. खालून मिळणारी वाफ तशीच असते, पण तिची ऊब केंद्रावर टिकत नाही.

उपग्रहाच्या चित्रांत हे डोळ्यांदेखत दिसतं, आणि डिसेंबर २०१७ मधलं ओखी चक्रीवादळ मी कधी विसरणार नाही. दक्षिणेत ते इतक्या झपाट्याने वाढलं की केरळ-तमिळनाडूचे किती तरी मच्छीमार समुद्रातच अडकले. त्यांतल्या बऱ्याच बोटी वाऱ्याबरोबर वर येत देवगडच्या आसऱ्याला लागल्या. पण उत्तरेकडे येता येता ओखी हिवाळ्यातल्या वरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या तोंडी सापडलं. इन्सॅटच्या एकामागून एक चित्रांत त्याचा पांढराशुभ्र ढग ईशान्येकडे ओढला जात होता आणि मागे राहिला होता तो खालच्या पातळ ढगांचा एक भोवरा, करडा, जवळजवळ उघडा. हवामानवाले याला केंद्र उघडं पडणं म्हणतात. मुंबईत ५ डिसेंबरला शाळांना सुट्टी होती, अवेळी पाऊस पडत होता आणि लोक वादळ आलं म्हणत होते. डोक्यावर होता तो वादळापासून तुटून पुढे आलेला ढग. समुद्रावरचं केंद्र तोवर विरत चाललं होतं.

याच हिशेबाने जुलै-ऑगस्टमध्ये आपण बचावतो. मान्सूनमध्ये खाली पश्चिमेकडून सोमाली जेटचा जोर असतो आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून वाहणारा उष्णकटिबंधीय पूर्वी जेट, ज्याची ओळख पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये करून दिली. वर एक दिशा, खाली नेमकी उलटी. या कचाट्यात चक्रीवादळ उभं राहणं फार कठीण. म्हणून आपली वादळं मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कच्छच्या जमिनीवरचं डीप डिप्रेशन समुद्रात उतरून 'असना' झालं, तेव्हा माझा विश्वासच बसेना. त्याआधी अरबी समुद्रात ऑगस्टमधलं चक्रीवादळ झालं होतं ते १९७६ मध्ये.

वादळाचा पाया, म्हणजे समुद्र, तापतोय, यात आता शंका उरलेली नाही. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. माथ्याचं, म्हणजे वरच्या वाऱ्यांचं, चित्र इतकं स्पष्ट नाही. आपल्या धुरातल्या काजळीमुळे पावसाळ्यापूर्वीचा शिअर कमी झाला, असं २०११ मध्ये 'नेचर'मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. वादळं मोसमात लवकर येऊ लागली, म्हणून त्यांना कमी शिअर भेटतो, असं इतरांनी उत्तर दिलं. मला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण गरम पाणी आणि दुबळा शिअर एकाच आठवड्यात जुळले की वादळ चोवीस तासांत ताशी ५५ किलोमीटरने किंवा त्याहून जास्त वाढू शकतं, आणि हाच उसळीचा क्षण आधी ओळखणं अजून सगळ्यात अवघड आहे. शंभर सागरी मैलांवर असलेल्या बोटीला आठ नॉट्सने बंदर गाठायला बारा-साडेबारा तास लागतात. इशारा संध्याकाळी पोचला तर ती सकाळी लागते, आणि रात्रभर ती त्याच तापलेल्या पाण्यावरून येत असते.