गुलगुल्याचा इटलीतला चुलतभाऊ

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा बरं! कढईत पडताच फुगतो, टुणकन वर येतो, बाहेरून तांबूस, आतून मऊ. ओळखा पाहू कोण?

"गुलगुला!" कनेरगाव नाक्याच्या माझ्या वर्गात एकच गलका झाला. पण एक मुलगी मात्र गप्प होती. मधल्या सुट्टीत ती डब्याचं झाकण अर्धंच उघडून खात होती. डब्यात गुलगुलेच होते. "बाई, बाकीच्यांनी पाकिटातला केक आणलाय," ती हळूच म्हणाली.

मग मी वर्गात जगाचा नकाशा टांगला. बुटासारखा दिसणारा देश कोणता? बरोबर, इटली! तिथल्या टस्कनी प्रांतात 'बोंबोलोने' नावाचा पदार्थ मिळतो. 'बोंबा' म्हणजे बॉम्ब. गोल गरगरीत आकारामुळं हे नाव पडलं. घाबरू नका, हा बॉम्ब खायचा असतो! उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर फिरते विक्रेते तो विकतात.

मैदा, अंडी, लोणी, साखर नि यीस्ट घालून पीठ मळतात आणि झाकून ठेवतात. यीस्ट हे सूक्ष्म जीव. ते साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. वायूचे बुडबुडे अडकून पीठ फुगतं. मग गोळे तळतात, साखरेत घोळवतात आणि शेवटी पोटात दुधाची घट्ट गोड क्रीम भरतात.

आता सांगा, आपली आई करंजीत सारण आधी भरते, मग तळते. इटलीतली मंडळी आधी तळून मग का भरतात? विचार करा! करंजीचं सारण कोरडं असतं. क्रीममध्ये भरपूर पाणी. गरम तेलात त्या पाण्याची वाफ झाली, की ती बाहेर पडायला वाट शोधते. मग गोळा फुटणार आणि तेल अंगावर उडणार! करंजीची कडसुद्धा नीट मुरडली नाही, तर सारण तेलात सांडतं. आजीची मुरड म्हणजे नुसती नक्षी नव्हे, ते कुलूप आहे बरं का!

आपलं गाव तर नाक्याचं. इकडे हिंगोली, तिकडे वाशीम. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. स्वातंत्र्याच्या आधी इकडे निजामाचं राज्य होतं, तिकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार. पण लेकीबाळी सासरी जाताना पाककृती मनातच घेऊन जातात. त्यांना कुठला नाका अडवणार? बोंबोलोनेचंही तसंच. ऑस्ट्रियातल्या 'क्राप्फन' या पदार्थाशी त्याचं जवळचं नातं आहे.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं, की त्यात घातक घटक वाढतात. या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं, तर ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा नियम आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आणि मुलांनो, मोठं माणूस जवळ नसेल तर कढईकडे फिरकायचं नाही!

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं डबा पूर्ण उघडला. "घ्या रे, बोंबोलोनेचा भाऊ!" म्हणाली. मिनिटभरात डबा रिकामा! मग मी विचारलं, "कसे करतात गं हे?" ती म्हणाली, "आजीला येतं. आईला नाही येत."

तिथंच माझ्या पोटात धस्स झालं. बोंबोलोनेची कृती पुस्तकांत छापलेली आहे. तुमच्या आजीची कुठं आहे? आज संध्याकाळी वही घेऊन आजीजवळ बसा. गूळ किती, पीठ कोणतं, किती वेळ भिजवायचं, सगळं लिहून घ्या. आजी "अंदाजानं घालायचं" म्हणेल. तेव्हा वाटी पुढं करा आणि तो अंदाज मोजून घ्या!