घरी बांधलेले विमान — लेखांक सहावा : पंखाचा गाभा

मागील लेखांकात काचकापड व एपॉक्सी राळ यांच्या कवचाचा विचार झाला. आज त्या कवचाच्या आत राहणाऱ्या फोमच्या गाभ्याकडे वळावयाचे आहे. कॅलिफोर्नियातील मोहावी येथे बर्ट रुटान यांनी १९७५ साली ‘व्हेरीईझी’ आणि १९७९ साली ‘लाँग-ईझी’ ही विमाने उडविली, व साच्यावाचून विमान घडविण्याची जी रीत हौशी कारागिरांच्या हाती दिली, तिचे मर्म या गाभ्यातच आहे. कारण येथे आधी गाभ्याला पंखाचा आकार द्यावयाचा आणि मग त्यावर कापड चढवावयाचे, सबब गाभ्यातील कसूर कवचावर उमटल्यावाचून राहत नाही.

पंख वाकताना खालचे कवच ताणले जाते व वरचे दाबले जाते. त्या दोहोंमधील अंतर कायम राखणे आणि दाबाखालील पातळ कवचाला सुरकुती पडू न देणे, हे गाभ्याचे कर्तव्य होय. त्यासाठी घनमीटरला सुमारे ३२ किलोग्रॅम वजनाचा पॉलिस्टायरीन फोम पसंत केला जातो. गणपतीच्या मखराचा थर्माकोल याच कुळातला. परंतु तो मण्यांचा बनलेला असतो, आणि पंखासाठी एकजीव, बंद पेशींचा प्रकार निवडावा लागतो. पेट्रोल व पॉलिएस्टर राळ हे दोन्ही पॉलिस्टायरीनला विरघळवून टाकतात, म्हणून त्यावर राळ एपॉक्सीचीच हवी. इंधनाला दाद न देणारा युरेथेन फोम सुरी व काचकागद यांनीच घडवावा. तप्त तारेने कापल्यास त्यातून प्राणघातक वायू निघतो, ही ताकीद कोणीही विसरू नये.

पॉलिस्टायरीन मात्र तारेनेच कापतात. ठोकळ्यावर वजन ठेवून दोन्ही टोकांना पंखछेदाचे फर्मे ठोकतात, आणि धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली पोलादी तार विजेने तापवितात. पंख मुळाशी रुंद व टोकाशी अरुंद असल्याने तारेच्या दोन टोकांना एकाच वेळात कमीअधिक अंतर चालावे लागते. म्हणून दोन्ही फर्म्यांवर सारख्याच संख्येच्या, क्रमांकित खुणा असतात. एकजण ‘बारा… साडेबारा… तेरा’ असे संथ स्वरात पुकारतो, आणि दुसरा नेमक्या त्याच क्षणी आपली बाजू त्या अंकावर आणतो. तार अति तापली तर जरुरीपेक्षा अधिक फोम वितळतो. थंड राहिली अथवा घाई झाली तर तिचा मध्य मागे रेंगाळतो, आणि दोन्ही टोकांना निर्दोष दिसणारा आकार मध्यभागी बिघडलेला निघतो. अग्रधारेच्या वळणावर गती मंद करून तारेच्या मध्याला येऊन मिळण्यास अवसर द्यावा. परंतु थांबू नये, कारण थांबल्या जागी चर पडतो.

कापून उरलेले वरचे व खालचे तुकडे फेकू नयेत. त्यांच्या पोकळीत गाभा बिनचूक बसतो, आणि कापड चढविताना पंखाला पीळ न पडू देणारी याहून चांगली बैठक दुसरी नाही. ज्या संथ हाताने गाभा घडला, त्याच हाताने त्याची बैठकही घडलेली असते. पुढील लेखांकात या बैठकीवर गाभा ठेवून कापडाचा पहिला थर चढवू.