हातची हत्यारं – भाग ७ : म्यानाची दोरी

मागच्या भागात चामड्याचं म्यान शिवून झालं. आता त्याला दोरी. पॅराकॉर्ड दिसायला देखणं, त्यामुळे म्यानाला टोकापासून तोंडापर्यंत वेणी घालून मोकळं व्हायचा मोह होतो. पण नांदगाव पेठच्या शिवारात संत्र्याखाली वाकून पाणसोट छाटणाऱ्याला या दोरीकडून दोनच गोष्टी हव्यात: वाकल्यावर चाकू निसटू नये आणि हवा तेव्हा एका हाताने निघावा. बाकी सगळी हौस.

ही मुळात हवाई छत्रीची दोरी. दुसऱ्या महायुद्धात छत्रीने उतरलेले अमेरिकी सैनिक तीच कापून सामान बांधायला वापरू लागले. '५५०' नावाने विकली जाणारी दोरी जेमतेम ४ मिलिमीटर जाड, पण ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण पेलते. वरचं विणलेलं कवच नायलॉनचं, आत सात किंवा जास्त पिळाचे धागे. नकलांची मात्र कमतरता नाही. टोक कापून पाहा. आत नुसता पिंजलेला भुसा असेल तर परत करा. तुकडा पाण्यात चांगला पिळून सोडा: नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं.

बांधण्याआधी दोरी गरम पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. नवी दोरी पहिल्या भिजण्यानंतर आखडते. तशीच गुंडाळली तर पहिल्या पावसानंतर म्यान आवळून धरते.

आता वेढे. म्यानाचा घेर १० सेंटिमीटर आणि वेढे १२ असतील, तर १२० सेंटिमीटर आणि टोकांना ३०, मिळून दीड मीटर पुरे. दोरीच्या एका टोकाचा लांबट फास करून तो म्यानावर लांबीच्या दिशेने ठेवा, फासाचं डोकं जिथे वेढे संपवायचे तिकडे. त्यावरून एकाला एक चिकटवत वेढे घ्या; शेवटचे दोन-तीन जरा सैल. उरलेलं टोक फासात घाला आणि सुरुवातीचं टोक ओढा, म्हणजे फास ते टोक घेऊन वेढ्यांखाली शिरेल. निम्म्यावर आलं की थांबा. जास्तीची टोकं कापून काडीने वितळवा. गाठ कुठेच दिसत नाही. वेढे म्यानाच्या मधल्या भागातच ठेवा. तोंडाशी आवळले की चाकू अडकतो.

मुठीला धरून ठेवायला वेगळा तुकडा घ्या. दुहेरी दोरी म्यानाच्या भोकातून काढून फासातून दोन्ही टोकं ओवा, मग ती मुठीवरून घेऊन सुरगाठ मारा. निरगाठ नको, घामेजल्या हाताने ती सुटत नाही.

पावसाळ्यात वेढे सोडून म्यान आणि दोरी वेगवेगळी वाळवा. लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेलं पातं ओल्या चामड्यात रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस होतं.

म्यान गळ्यात अडकवायची फॅशन आली आहे. मळणीयंत्राजवळ किंवा एमआयडीसीतल्या फिरत्या यंत्रापाशी ते करू नका. २५० किलो पेलणारी दोरी ऐनवेळी तुटत नाही. म्यान कमरपट्ट्यालाच लावा.