सुगंधी पानांची वाळवण व साठवण : रुग्णास काय सांगावे?

तुळस, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता ही द्रव्ये बहुतेक रुग्णांच्या अंगणात वा कुंडीत असतात. फांटासाठी अथवा पथ्यकर आहारासाठी ‘घरचीच पाने वाळवून ठेवा’ असे आपण सांगतो. कशी वाळवावीत व किती दिवस वापरावीत, हे मात्र सांगायचे राहून जाते. रुग्ण आम्हांस दाखवावयास आणतात त्या पानांत दोन दोष वारंवार आढळतात : उन्हाने गंधहीन झालेली पाने आणि अर्धवट वाळून बुरशी धरलेली पाने. पहिल्या दोषाने औषध निष्फळ होते, दुसऱ्याने अपायकारक.

वाळवण

या पानांचे कार्य मुख्यतः त्यांतील उडनशील तेलावर अवलंबून असते. तुळस व पुदिन्यात ते पानांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असल्याने कडक उन्हात लवकर उडून जाते. म्हणून पाने सावलीत, पण खेळत्या हवेत वाळवावीत. दव सुकल्यावर सकाळी ती खुडावीत. किडकी, पिवळी पाने काढून टाकावीत. धुतल्यास पाणी पूर्ण निथळू द्यावे. गवती चहा ओला असतानाच कापून घ्यावा. सुती कापडावर एकच पातळ थर पसरून दिवसातून दोनदा हलवावा. कोरड्या हवेत चार ते सात दिवस पुरतात. वाळवणयंत्र असल्यास उष्णता ३५ ते ४५ अंश सेल्सिअसपुढे नेऊ नये.

कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्याने हा खटाटोप करू नये. त्या दिवसांत ताजी पानेच वापरावीत. कोथिंबीर वाळविल्यास तिचा गंध बहुतांशी जातो, तीही ताजीच बरी. अडुळसा व गुळवेल ही तर शार्ङ्गधरांनी सदैव आर्द्र घ्यावयाच्या द्रव्यांतच गणली आहेत.

परीक्षा व साठवण

पान चुरडताच कुरकुरीत मोडावे व देठ वाकण्याऐवजी तुटावा. पाने काचेच्या कोरड्या बरणीत भरून आठवडाभर रोज पाहावे. आतून बाष्प धरल्यास किंवा पाने मऊ पडल्यास ती काढून पुन्हा वाळवावीत. बुरशी वा कुबट वास आल्यास मात्र संपूर्ण बरणी टाकून द्यावी. ऊन दाखविल्याने बुरशी दिसेनाशी होईल. तिने निर्माण केलेले विष जात नाही.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे झाकून, शिंक्यावर टांगून ठेवण्यास सांगितले असून अग्नी, पाणी, ओलावा, धूर, धूळ व उंदीर यांपासून ती दूर असावीत असे म्हटले आहे. आजच्या घरातील शेगडीवरचे फडताळ या कसोटीस उतरत नाही. तेथे उष्णता व वाफ दोन्ही असतात. औषधालयचालकांनीही पारदर्शक बरण्या उन्हाच्या तिरिपेत मांडू नयेत. पाने वर्तमानपत्रात बांधूनही देऊ नयेत. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये तसा इशारा दिलेला आहे.

काल व मात्रा

शार्ङ्गधरांच्या मते वनौषधी वर्षानंतर गुणहीन होते, तर चूर्ण दोन महिन्यांनीच हीनवीर्य होते. म्हणून पाने अखंड ठेवावीत व लागतील तेवढीच कुटावीत. बरणीवर द्रव्याचे नाव व वाळविल्याची तारीख लिहावी.

मात्रेचा घोळही टाळावयास हवा. शुष्काऐवजी आर्द्र द्रव्य घेताना ते दुप्पट घ्यावे, हा सामान्य नियम आपण जाणतोच. परंतु पुदिन्यासारख्या कोवळ्या पानांत सुमारे ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. ती वाळल्यावर वजन पाचव्या हिश्शाच्या आसपास येते. ‘एक चमचा पुदिना’ एवढेच लिहिल्यास ताज्याच्या जागी वाळलेला घेणारा रुग्ण कितीतरी अधिक द्रव्य घेतो. चिठ्ठीवर ‘ताजा’ किंवा ‘वाळलेला’ हा शब्द अवश्य असावा.

या सूचना छापील चिठ्ठीच्या एका बाजूस सहज मावतात. आपण सांगितलेले घरगुती औषध रुग्णाच्या हाती सवीर्य पोहोचते की नाही, हे पाहणेही चिकित्सेचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.