धंतोलीचे पालक आणि मेकॅनिकलची चार वर्षे

नागपूरच्या मुलाला मेकॅनिकलची पदवी हवी असेल, तर १९५६ सालापर्यंत त्याला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. शहराच्या सदर भागातल्या आजच्या शासकीय तंत्रनिकेतनाची सुरुवात १९१४ सालची, पण तिथले शिक्षण पदविकेपर्यंतचे. मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर असली, तरी प्रांताचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जुलै १९४७ मध्ये निघाले ते जबलपूरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर मध्यप्रदेशात राहिले, नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि त्याच वर्षी जुलैपासून नागपुरातही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. नागपूरच्या धंतोली वस्तीतल्या वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सरकारी नोकरांच्या घरांत तोवर एकच प्रश्न असे: पाठवायचे कुठे आणि वसतिगृहाचा खर्च झेपेल का? मेकॅनिकल म्हणजे काय, हे विचारावे लागत नसे. शहरात १८७७ पासून एम्प्रेस मिल होती, मोतीबागेत नॅरोगेजचा रेल्वे कारखाना होता, आजूबाजूला कोळशाच्या खाणी होत्या. यंत्र आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही लोकांच्या नजरेसमोर होते.

जून १९६० मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने मिळून, ते शासकीय महाविद्यालय सामावून घेत, प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. १९६२ मध्ये त्याला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव मिळाले आणि ‘व्हीआरसीई’ ही अक्षरे विदर्भात घरोघरी पोचली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशभर अशी महाविद्यालये निघत होती. निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी आणि निम्म्या बाहेरच्या राज्यांसाठी, असे त्यांचे सूत्र होते. धंतोलीतला मुलगा सायकलवरून दक्षिण अंबाझरी रस्त्याला जाई आणि वर्गात त्याच्या शेजारी दूरच्या प्रांतातला मुलगा बसे. पुढच्या काही वर्षांत हिंगण्याची औद्योगिक वसाहत, अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना आणि कोराडीचे वीजकेंद्र उभे राहिले. मेकॅनिकलच्या पदवीधराला कुठे नोकरी लागते, हे पालकांना शहरातच दिसू लागले. या पिढीचा शाखेवरचा विश्वास डोळ्यांनी पाहिलेल्या कारखान्यांतून आला होता, हे पुढचे बदल समजून घेताना लक्षात ठेवावे लागते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी नागपुरात वानाडोंगरीचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय, काटोल रस्त्यावरचे रामदेवबाबा आणि केडीके ही महाविद्यालये सुरू झाली. जागा वाढल्या, तसा पैशाचा प्रश्न ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द घराघरांत नेले. २००२ चा टीएमए पै आणि २००५ चा इनामदार या निकालांनी संस्थांना स्वायत्तता दिली, मात्र नफेखोरी आणि देणगीला मनाई कायम ठेवली. राज्याने २०१५ मध्ये प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा कायदा केला. आज खासगी महाविद्यालयाने किती शुल्क घ्यायचे, ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे मागणे बेकायदेशीर आहे, ही गोष्ट पालकांनी पक्की धरून ठेवायला हवी.

प्रवेशाचा निकषही याच काळात बदलत गेला. आधी बारावीतल्या भौतिक, रसायन आणि गणिताच्या गुणांवर यादी लागे. मग राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी आली. २०१४ आणि २०१५ मध्ये देशपातळीवरच्या जेईई मेनचे गुण धरले गेले, २०१६ पासून सीईटी परतली आणि २०१९ पासून ती संगणकावर व पर्सेंटाइलमध्ये होऊ लागली. २००२ मध्ये व्हीआरसीईचे व्हीएनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (एनआयटी) झाले आणि तिथला दरवाजा पूर्णपणे देशपातळीवरच्या परीक्षेकडे वळला. धंतोली आणि काँग्रेसनगर परिसरातल्या शिकवणी वर्गांची भरभराट झाली ती याच बदलांमुळे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडून नागपूर किंवा अजनी स्थानकावर उतरलेले पालक इथे फाइल घेऊन फिरताना दिसू लागले. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या, कट-ऑफ, ऑप्शन फॉर्म, गृहविद्यापीठाच्या जागा ही सगळी भाषा त्यांनी आत्मसात केली. या पालकांची चिकाटी मोठी होती आणि तिची किंमत कमी लेखता येणार नाही. पण प्रवेश मिळेपर्यंतच्या माहितीचा ढीग वाढत गेला आणि प्रवेशानंतर मूल चार वर्षे काय शिकणार, याची चौकशी मागे पडली. घरात खरी मदत हवी असते ती नेमकी इथे.

पहिले वर्ष बहुतेक सगळ्या शाखांना सारखे असते. गणित, भौतिक, रसायन, संगणकाची ओळख, अप्लाइड मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. ड्रॉइंगमध्ये वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, ते डोळ्यांसमोर आणून कागदावर उतरवायचे असते. बारावीपर्यंत हे कौशल्य कुणी शिकवलेले नसते, म्हणून सीईटीत उत्तम गुण मिळवलेली मुलेही शीटवर अडतात. वर्कशॉपमध्ये फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग. मूल हाताला फोड घेऊन घरी आले, तर त्याला भलत्याच कामाला जुंपले आहे असे मानू नये. कानशीने एक सपाट पृष्ठभाग घासून काढला की मोजमापातला बारीक फरक बोटांना कळतो. पुढे नकाशावर मिलिमीटरचा शतांश लिहिताना तो अनुभव कामी येतो.

सगळ्यात अवघड दुसरे वर्ष, आणि नेमके तेव्हाच पालक निर्धास्त झालेले असतात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स हे विषय इथे एकदम अंगावर येतात. पाठांतर इथे उपयोगी पडत नाही. शिकवणीतल्या झटपट युक्त्याही पडत नाहीत. कोराडीचे उदाहरण घेतले तर विषयाचा आवाका समजतो. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइनमुळे जनित्र फिरते. तरी कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून कमी भाग विजेत उतरतो. यात कुणाची हयगय नसते. उष्णतेचे पूर्णपणे कामात रूपांतर करणे निसर्गनियमातच बसत नाही, हे थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगतो. कोराडीतले ६६० मेगावॅटचे नवे संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे त्यांत पाण्याचा दाब २२१ बारच्या पुढे नेला जातो. त्या अवस्थेत पाणी आणि वाफ असा भेद उरत नाही आणि कार्यक्षमता वाढते. विद्यार्थी दुसऱ्या वर्षी वाफेच्या तक्त्यांत डोके घालून बसलेला असतो, तो हेच समजून घेण्यासाठी.

तिसऱ्या वर्षी उष्णतावहन, यंत्रांची गती आणि मशीन डिझाइन येते. शाफ्टचा व्यास किती धरायचा, तो कितव्या फेऱ्यानंतर थकून तुटेल, सुरक्षिततेसाठी किती पट जादा ताकद ठेवायची, असे हिशेब असतात. चौथ्या वर्षी निवडीचे विषय, प्रकल्प, इंटर्नशिप आणि नोकरीच्या मुलाखती. पॉलिटेक्निकची पदविका घेतलेले विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षात दाखल होतात. त्यांचा हात यंत्रावर बसलेला असतो, पण गणितात त्यांना पहिले काही महिने आधार लागतो.

आता हिशेब क्रेडिटचा असतो. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रात्यक्षिक म्हणजेही एकच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एकूण क्रेडिट सुमारे २२० वरून १६० वर आणले, सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम ठेवला आणि इंटर्नशिप सक्तीची केली. स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका महाविद्यालयाची असते, पदवी मात्र विद्यापीठाची. नागपूर विद्यापीठाचे नाव २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे आहे. एखादा विषय राहिला आणि एटीकेटी लागली, तर घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. तो विषय पुन्हा देता येतो. काळजी करावी ती दोन-तीन सत्रांचे विषय साचू लागल्यावर, कारण वरच्या वर्गाची वाट तिथे अडते.

महाविद्यालय निवडताना नॅक आणि एनबीए या मूल्यांकन करणाऱ्या संस्थांतही गल्लत होते. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करते. म्हणून एकाच महाविद्यालयात संगणक शाखेला एनबीए मान्यता असून मेकॅनिकलला नसू शकते. जून २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाल्यापासून या मान्यतेचा परदेशातल्या पुढच्या शिक्षणासाठीही उपयोग होतो. नोकऱ्यांबाबत विचारताना सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा विचारून भागत नाही. मेकॅनिकलच्या किती मुलांना यंत्रोद्योगात काम मिळाले आणि किती सॉफ्टवेअरकडे गेली, हे विचारावे.

हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार महत्त्वाचा झाला. संगणक शाखेकडे ओढा वाढला, मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि २०२४ पासून तंत्रशिक्षण परिषदेने जागांवरची कमाल मर्यादा उठवल्याने संगणकाचे वर्ग आणखी फुगले. दुसरीकडे नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमानांची देखभाल आणि सुटे भाग यांचे काम आले आणि हिंगण्यात ट्रॅक्टर बनतातच. त्यामुळे गर्दी नसलेल्या शाखेत गेलेल्या आणि विषयाची आवड असलेल्या मुलाला संधी नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

मुलीला मेकॅनिकलला घालावे का, ही शंका धंतोलीतही बराच काळ विचारली जाई. वर्कशॉप, कामाच्या पाळ्या आणि कारखान्याचे अंतर ही तिची कारणे. राज्यातल्या प्रवेशांत मुलींना ३० टक्के आरक्षण आहे आणि २०१८ पासून एनआयटींमध्ये त्यांच्यासाठी जादा जागा ठेवल्या जातात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही सवलत केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यासाठी नाही. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवणे हे घरातल्या मोठ्यांचे काम.