पहिल्या दोन सेकंदांची भूक

निगडी-प्राधिकरणात गुरुवार हा वीज जाण्याचा वार. महावितरणची देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात, भोसरी एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांना सुटीही गुरुवारचीच. अशा दुपारी लग्नाचे फोटो एडिट करायला बसलेल्या फोटोग्राफरचा लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि त्याला जोडलेली खिशात मावणारी हार्ड डिस्कही चालते. शेजारीच ठेवलेली मोठी, जास्त जागेची डिस्क मात्र गप्प. तिचा काळा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या मेलेल्या सॉकेटमध्ये अडकलेला असतो.

दोन्ही डिस्क काम एकच करतात, मग एकीला अ‍ॅडॉप्टर का लागतो? मोठी डिस्क साडेतीन इंची असते. तिची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना साधारण दोन अ‍ॅम्पिअर, म्हणजे वीसेक वॅट ओढते. यूएसबीच्या साध्या पोर्टमधून येतात ५ व्होल्ट. अडीच इंची डिस्क मुळात लॅपटॉपसाठी घडलेली, त्यामुळे ५ व्होल्टवर तिचं भागतं.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्यांत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले अजय भट्ट प्रमुख होते. तेव्हा डोळ्यांसमोर होते कीबोर्ड, माऊस, प्रिंटर. नियमाप्रमाणे एका पोर्टने जास्तीत जास्त ५०० मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे अडीच वॅट द्यायचे, आणि तेही उपकरणाने मागितल्यावर. ओळख पटेपर्यंत फक्त १००. माऊसला हे खूप झालं. हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी.

चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियनला ती पटकन कळेल. बंद मोटर उठवताना ती चालू स्थितीच्या कितीतरी पट करंट खाते, म्हणून तर मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर बसवतात. डिस्कमध्येही मोटरच आहे. अडीच इंची डिस्क एकदा फिरायला लागली की दोनेक वॅटवर खूश असते, पण तबकड्या शून्यातून मिनिटाला ५,४०० फेऱ्यांपर्यंत न्यायच्या त्या पहिल्या काही सेकंदांत तिला अ‍ॅम्पिअरभर करंट हवा असतो. तो मिळाला नाही तर तबकड्या वेग धरत नाहीत, वाचणारी सुई जागेवर परतते, पुन्हा प्रयत्न होतो. बाहेर ऐकू येतं ते ‘टक... टक... टक’. डिस्क ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणून लोक घाबरतात. ती खरोखर बिघडलेलीही असू शकते, पण पुष्कळदा नुसती उपाशी असते.

उपाशी राहण्याचं एक कारण केबलमध्येच दडलेलं असतं. २८ गेजच्या बारीक तारेच्या एक मीटर केबलमध्ये करंटला जाऊन-येऊन दोन मीटर तार पार करावी लागते. तिचा रोध सुमारे ०.४ ओहम. एक अ‍ॅम्पिअर ओढला की ५ व्होल्टचे डिस्कपाशी पोचेपर्यंत ४.६ उरतात. केबल दोन मीटरची घेतली तर जेमतेम ४.१. डिस्कसोबत मिळणारी केबल वीतभरच असते ती यासाठी. कंपनीच्या चिक्कूपणावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपर्यंतही कॅबिनेटच्या आतून अशीच बारीक वायर आलेली असते. मागचा, मदरबोर्डवरचा पोर्ट वापरून पाहावा.

पूर्वी यावर दोन तोंडांची वाय-केबल निघाली होती. एका पिनेतून डेटा आणि वीज, दुसरीतून नुसती वीज. यूएसबीच्या नियमांत ती बसत नाही, तरी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीसारख्या बाजारांनी तिचा संसार चालवला. नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० जाहीर झालं, मर्यादा ९०० मिलिअ‍ॅम्पिअरवर गेली आणि दुसऱ्या पिनेची गरज हळूहळू संपली. टाइप-सी पोर्ट तर ५ व्होल्टवर तीन अ‍ॅम्पिअरपर्यंत देऊ शकतो. देईलच असं नाही, ते लॅपटॉप बनवणाऱ्यावर.

म्हणून विकत घेण्याआधी डिस्क उलटी करून मागचं लेबल वाचावं. ‘५ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअर’ असं छापलेली डिस्क गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावून गाणी वाजतीलच अशी खात्री नको. तिथला पोर्ट बरेचदा पेन ड्राइव्हपुरता असतो. काही टीव्हींवर एका पोर्टशेजारी ‘एचडीडी’ लिहिलेलं असतं, डिस्क तिथेच जोडायची. पोर्ट कमीच पडत असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. गुरुवारी तो उपयोगाचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या डिस्कचा अ‍ॅडॉप्टर काढून टाकायचा प्रयत्नही झाला. मार्च २०१६ मध्ये सीगेटने ‘इनोव्ह-८’ नावाची ८ टेराबाइटची साडेतीन इंची डिस्क आणली, एकाच टाइप-सी केबलवर चालणारी. सुरुवातीच्या झटक्यासाठी तिच्यात ‘इग्निशन बूस्ट’ नावाची युक्ती होती. हा प्रकार बाजारात रुळला नाही. तोवर एसएसडी स्वस्त होऊ लागली होती आणि तिच्यात मोटरच नसते. साधी एसएसडी मोबाइलच्या पोर्टवरही चालते. मात्र भरभर लिहिताना तीही बऱ्यापैकी वीज खाते, आणि टेराबाइटमागे दर अजून फिरत्या डिस्कपेक्षा जास्तच पडतो. वर्षानुवर्षांची लग्नं साठवून ठेवणारा फोटोग्राफर त्यामुळे दोन्ही बाळगतो: चालू कामाला एसएसडी, जुन्या कामांना अ‍ॅडॉप्टरवाली मोठी डिस्क.