संगणक परीक्षा : आधी खर्चाचा हिशेब

शासकीय नोकरीच्या जाहिरातीत संगणक प्रमाणपत्राची अट दिसताच चिमूर परिसरातील पालकांपुढे शुल्काचा प्रश्न उभा राहतो. सर्वपरिचित ‘एमएस-सीआयटी’साठी मान्यताप्राप्त केंद्रात प्रवेश घ्यावा लागतो. परंतु ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयानुसार ‘नायलिट’ (पूर्वीची ‘डोएक’) या केंद्रीय संस्थेची ‘सीसीसी’ परीक्षाही ग्राह्य आहे. तीस घरी अभ्यास करून थेट बसता येते. शुल्क ५०० रुपये व त्यावरील कर. प्रश्न १००, वेळ ९० मिनिटे.

मात्र परीक्षाकेंद्रापर्यंतचा प्रवासखर्च धरावा आणि जाहिरातीतील अट नीट वाचावी, अशी आमची विनंती आहे. सराव नसलेल्यांनी घाई करू नये; अनुत्तीर्ण झाल्यास शुल्क पुन्हा भरावे लागते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा लूकच्या शुभवर्तमानातील बोध आपण येथेही पाळू या.